पत्र्यावरचे जस्त: मराठवाड्यातील एका प्रश्नाचा आढावा

नांदेड जिल्ह्यातल्या मुदखेड तालुक्यात शेतात नवा आखाडा उभारायचा असो, गोठ्यावर छप्पर घालायचे असो, तोडलेल्या फुलांसाठी सावली करायची असो की सोयाबीन-हळदीची पोती ठेवायला छोटे गोदाम बांधायचे असो, हिशेब टिनपत्र्यापाशी येऊन थांबतो. दुकानदार रंग, लांबी आणि गेज विचारतो. गिऱ्हाईक भाव विचारते आणि पत्रा किती वर्षे टिकेल ते विचारते. पत्र्याचे आयुष्य ज्या आकड्यावर ठरते, तो मात्र या बोलण्यात सहसा येत नाही. दर चौरस मीटरला पत्र्यावर किती ग्रॅम जस्त चढवले आहे, हा तो आकडा.

नांदेड-लातूर भागात जस्त चढवलेली कॉइल तयार होत नाही. जालन्याच्या भट्ट्यांतून भंगार वितळवून सळई निघते, पण पातळ पत्र्याची कॉइल खोपोली, तारापूर, वासिंद, नागपूरजवळचे कळमेश्वर अशा ठिकाणांहून किंवा राज्याबाहेरून येते. शहरातल्या युनिटात तिला पन्हळ पाडतात, मापाने कापतात आणि मग ती टेम्पोत चढते. म्हणजे हा भाग या मालाचा उत्पादक नाही, गिऱ्हाईक आहे. जस्ती पत्र्यावरची बरीचशी चर्चा कारखान्याच्या बाजूने होते. कोणता लेप चांगला, आयातीवर शुल्क किती, निर्यात कशी वाढेल, असे तिचे विषय असतात. इथे तोच विषय शेवटच्या गिऱ्हाइकाच्या बाजूने मांडायचा आहे.

माळवद ते टिन

मराठवाड्याचे जुने घर दगडमातीच्या जाड भिंतींचे आणि माळवदाचे. लाकडी खण, त्यावर पाट्या आणि वर मातीचा थर. पाऊस बेताचा आणि उन्हाळा कडक असलेल्या मुलखाला हे छप्पर शोभत होते, कारण आत गारवा राहायचा. दरवर्षी पावसाळ्याआधी वर नवी माती पडायची आणि थर वाढत जायचा. त्याचे ओझे किती होते हे ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी कळले. किल्लारीच्या भूकंपात लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत सुमारे आठ हजार माणसे गेली. त्यातली बहुतेक आपल्याच घराच्या भिंती आणि माळवद अंगावर येऊन गेली.

आकडा मांडून पाहिला तर फरक डोळ्यांत भरतो. दीड फूट मातीचा थर धरला तर छपराच्या एका चौरस मीटरवर साडेसातशे किलोच्या आसपास भार येतो. अर्धा मिलिमीटर जाडीचा पोलादी पत्रा तेवढ्याच जागेत चार किलोही भरत नाही. भूकंपाचा धक्का इमारतीच्या वस्तुमानाच्या प्रमाणात बल निर्माण करतो, म्हणून हलके छप्पर जीव वाचवते. भूकंपानंतर तात्पुरते निवारे पत्र्याचेच उभे राहिले. पुढे ५२ गावे नव्या जागी वसवली गेली आणि जागतिक बँकेच्या साहाय्याने राज्याचा मोठा पुनर्वसन कार्यक्रम चालला. नव्या वसाहतींतली घरे बहुतांशी सिमेंटची होती, पण माळवदाखाली निजायची भीती बसलेल्या पिढीने जोडखोली, स्वयंपाकाची शेड, गोठा यांसाठी पत्रा जवळ केला. आज लातूर-नांदेडच्या खेड्यात उंचावरून पाहिले तर छपरांत टिनच जास्त दिसते.

पत्र्याने दोन जुन्या सोयी मात्र हिरावल्या. उन्हाळ्यात पारा ४२-४३ अंशांवर गेला की पत्र्याखाली दुपारी बसवत नाही. उघडा धातू ऊन बऱ्यापैकी परतवतो, पण एकदा तापला की आपली उष्णता सहज सोडत नाही. पांढरा किंवा फिका रंग दिलेला पत्रा या बाबतीत बराच उजवा ठरतो. दुसरी गोष्ट वाऱ्याची. एप्रिल-मेच्या अवकाळी वादळात पत्रे उडाल्याची बातमी दरवर्षी येते. पत्रा उडू नये म्हणून वर दगड ठेवायची रीत आहे, आणि तेच दगड वादळात खाली येऊन माणसे जखमी करतात. पत्रा चांगला घेतला पण हूक आणि स्क्रू हलके लावले तर आधी स्क्रूभोवती गंज धरतो, भोक मोठे होते आणि मग वारा आपले काम करतो. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमधल्या गारपिटीने पातळ पत्र्याची आणखी एक उणीव मराठवाड्याला दाखवली: गारांच्या माऱ्यापुढे तो टिकत नाही.

जनगणनेत छपराच्या साहित्याची नोंद होते, पण जीआय, इतर धातू आणि अॅस्बेस्टॉस यांचे पत्रे एकाच रकान्यात जातात. त्यामुळे किती छपरांवर जस्त आहे आणि किती छपरांवर अॅस्बेस्टॉसचा सिमेंट पत्रा, हे त्या रकान्यातून निघत नाही. आरोग्याच्या दृष्टीने या दोन वस्तूंत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

कॉइल कशी घडते

लोखंडाचा पन्हळी पत्रा इंग्लंडमध्ये हेन्री पामरने १८२९ साली पेटंट केला. १८३७ साली फ्रान्समध्ये स्तानिस्ला सोरेलने लोखंड वितळलेल्या जस्तात बुडवण्याच्या पद्धतीचे पेटंट घेतले. शंभर वर्षे एकेक पत्रा बुडवून काढला जात होता. १९३० च्या दशकात तादेउश सेंदझिमीर या पोलिश अभियंत्याने अखंड पट्टीच जस्ताच्या कुंडातून चालवण्याची पद्धत बसवली आणि आजची कॉइल जन्माला आली. जस्ताच्या कथेत भारताचा वाटा याहून फार जुना आहे. उदयपूरजवळच्या जावर येथे मध्ययुगातच मातीच्या मुशीतून जस्ताची वाफ खाली उतरवून ते गोळा करण्याचे तंत्र मोठ्या प्रमाणावर चालत होते. जस्त ९०७ अंशांना उकळते आणि भट्टीत त्याची वाफ होऊन निसटते, त्यामुळे हे काम तांबे-लोखंड गाळण्यापेक्षा अवघड. आजही देशातले बहुतेक जस्त राजस्थानातूनच येते.

कारखान्यात आधी जाड पट्टी आम्लात धुऊन थंड अवस्थेत लाटतात. मग ती हायड्रोजन-नायट्रोजनच्या वातावरणात तापवून मऊ करतात आणि साधारण ४६० अंशांवरच्या जस्ताच्या कुंडात सोडतात. कुंडात थोडेसे अॅल्युमिनियम मुद्दाम मिसळलेले असते. त्यामुळे लोखंड आणि जस्ताचा ठिसूळ मिश्रधातू जाड होत नाही आणि पत्रा वाकवताना लेप तडकत नाही. पट्टी वर येताच दोन्ही बाजूंनी हवेच्या चपट्या झोताने जादा जस्त पुसून टाकतात. लेप किती राहणार हे इथेच ठरते. झोताचा दाब वाढवला की जस्त वाचते, कमी केला की लेप जाड होतो. शेवटी पांढरा गंज येऊ नये म्हणून पृष्ठभागावर रासायनिक थर देतात. हा थर पूर्वी षट्संयुजी क्रोमियमचा असायचा. ते विषारी असल्यामुळे युरोपीय बाजाराने त्याला दूर केले आणि आता क्रोमियमविरहित पर्याय वाढत आहेत.

बाजारात एक समज पक्का आहे की पत्र्यावर मोठी फुले दिसली म्हणजे जस्त भरपूर. ती फुले म्हणजे गोठताना तयार झालेले जस्ताचे स्फटिक. त्यांचा आकार कुंडातल्या शिसे-अँटिमनीच्या अंशावर आणि थंड होण्याच्या वेगावर ठरतो. शिसे कमी केलेल्या आजच्या कुंडातून निघणारा सपाट दिसणारा पत्राही जाड लेपाचा असू शकतो. जुन्या माणसांची पारख इथे उपयोगी पडत नाही, आणि तिच्या जागी दुसरी सोपी पारख कोणी त्यांच्या हाती दिलेली नाही.

जस्त दोन प्रकारे काम करते. एक तर ते आवरण होते. पाऊस आणि ऊन आळीपाळीने मिळाले की हवेतल्या कार्बन डायऑक्साइडशी संयोग होऊन त्यावर राखाडी, घट्ट थर धरतो. दुसरे म्हणजे ओरखडा पडला किंवा कड उघडी राहिली तरी जस्त लोखंडाच्या आधी स्वतः झिजते आणि लोखंडाला सांभाळते. रंगाला हे दुसरे काम जमत नाही.

भारतीय मानक आयएस २७७ या पत्र्यासाठी आहे. त्यात १२० पासून ६०० पर्यंत लेपाच्या श्रेणी आहेत आणि आकडा दोन्ही बाजू मिळून दर चौरस मीटरच्या ग्रॅमचा असतो. २७५ च्या श्रेणीत प्रत्येक बाजूला साधारण १९ मायक्रॉन जस्त येते, १२० च्या श्रेणीत सव्वाआठ-साडेआठ. केंद्रीय पोलाद मंत्रालयाच्या गुणवत्ता नियंत्रण आदेशांमुळे हा माल प्रमाणचिन्हाशिवाय विकता येत नाही. पण १२० श्रेणीचा पत्राही प्रमाणित आणि २७५ चाही प्रमाणितच. चिन्ह पाहिले म्हणजे काम झाले असे समजणाऱ्या गिऱ्हाइकाला हा फरक कळत नाही.

कोणाचे काय म्हणणे

पहिले मत जुन्या जाणत्यांचे. रंगाच्या नादी न लागता साधा पत्रा घ्यावा, पण जस्त २७५ किंवा जास्त असावे. त्यांच्या बाजूने हिशेब बोलतो. हजार-अकराशे चौरस फुटांच्या, म्हणजे सुमारे १०० चौरस मीटरच्या शेडला १२० ऐवजी २७५ चा लेप घेतला तर साडेपंधरा किलो जस्त जास्त लागते. किलोला अडीचशे ते तीनशे रुपये धरले तर जस्ताची जादा किंमत चार ते साडेचार हजारांच्या घरात जाते. त्याच शेडचे अँगल, कैच्या, मजुरी आणि फरशी यांचा खर्च पाहता ही रक्कम मोठी नाही.

दुसरे मत ५५ टक्के अॅल्युमिनियम आणि सुमारे ४३ टक्के जस्त असलेल्या मिश्र लेपाचे. अमेरिकेच्या बेथलेहेम स्टीलने तो १९७२ मध्ये बाजारात आणला, आणि भारतात त्याला आयएस १५९६१ हे मानक आहे. मोकळ्या छपरावर तो साध्या जस्तापेक्षा बराच जास्त टिकतो, ऊनही चांगले परतवतो. मात्र कापलेल्या कडेला सांभाळण्याची त्याची ताकद साध्या जस्तापेक्षा कमी आहे, आणि ओल्या सिमेंटचा, चुन्याचा किंवा अमोनियाचा स्पर्श त्याला सोसत नाही.

तिसरे मत रंगीत पत्र्याचे, आणि बाजारात सध्या तेच जिंकते आहे. निळा, तांबडा, हिरवा पत्रा घराला शोभा देतो, त्याचा फिका रंग घर थंड ठेवायलाही मदत करतो आणि रंगाचा थर खालच्या जस्ताचे आयुष्य वाढवतो. या तिन्ही गोष्टी खऱ्या आहेत. अडचण अशी की रंगाखाली काय आहे ते दिसत नाही. जाडी सांगतानाही गोंधळ होतो. कोणी मूळ पोलादाची जाडी सांगतो, कोणी लेप आणि रंग धरून एकूण. पातळ पत्र्यात हा फरक सहज पाच-दहा टक्क्यांपर्यंत जातो. पोलादाची जाडी ०.५० ऐवजी ०.४५ मिलिमीटर निघाली तर १०० चौरस मीटरमागे ३९ किलो पोलाद कमी पडते. याला उपाय वजनकाट्याचा आहे, पण फुटावर विकला जाणारा माल काट्यावर जात नाही.

जस्त-अॅल्युमिनियम-मॅग्नेशियम या लेपाला जपानी कारखान्यांनी या शतकाच्या सुरुवातीपासून पुढे आणले. जेएसडब्ल्यूसारख्या भारतीय कंपन्या अलीकडे तो विकू लागल्या आहेत. थोड्या ग्रॅममध्ये जास्त संरक्षण आणि कापलेली कड आपोआप झाकली जाणे हे त्याचे गुण चाचण्यांत ठळक दिसतात. तो मुख्यतः सौर सांगाड्यांसाठी जातो. खेड्यातल्या पत्र्याच्या दुकानापर्यंत तो अजून फारसा उतरलेला नाही.

या सगळ्यांपेक्षा वेगळे एक मत चर्चेत मोजले जात नाही, पण खरेदीत तेच सर्वांत जास्त चालते. स्वस्तातला पातळ पत्रा घ्यावा, आठ-दहा वर्षांनी बदलावा. त्याला अडाणीपणा म्हणणे अन्यायाचे होईल. टिनपत्रा हलवता येतो. जमीन वाटणीत गेली, बोअर आटले म्हणून आखाडा दुसऱ्या रानात न्यावा लागला, लेकीच्या लग्नाला पैसे कमी पडले, तर पत्रे काढून नेता येतात, विकता येतात. ज्याला पुढच्या दोन हंगामांची खात्री नाही, त्याला पंचवीस वर्षांच्या छपराचा हिशेब सांगून उपयोग नसतो. लातूरला २०१६ च्या एप्रिलमध्ये रेल्वेने पाणी न्यावे लागले, त्या भागातल्या शेतकऱ्याची ही सावधगिरी समजण्यासारखी आहे.

हवा चांगली, गोठा वाईट

गंजाच्या दृष्टीने मराठवाडा नशीबवान आहे. समुद्र दूर, मोठी कारखानदारी थोडी आणि वर्षातले सात-आठ महिने कोरडे. आयएसओ ९२२३ हे मानक हवेचे वर्ग पाडते. सौम्य हवेच्या सी-२ वर्गात जस्ताची पहिल्या वर्षाची झीज ०.१ ते ०.७ मायक्रॉन धरतात, मध्यम हवेच्या सी-३ मध्ये ०.७ ते २.१. सी-२ मधला सर्वांत वाईट दर धरला तरी १२० चा लेप बारा वर्षे आणि २७५ चा सत्तावीस वर्षे पुरतो. सी-३ मधला सर्वांत वाईट दर धरला तर तेच आकडे चार आणि नऊ होतात. राखाडी थर धरल्यावर झीज मंदावते, म्हणून प्रत्यक्षात आयुष्य याहून जास्त असते. कोकणातल्या किनाऱ्यासाठी बनवलेला जाड लेपाचा सल्ला उचलून नांदेडला लावायचे कारण नाही, असे मोकळ्या छपरापुरते म्हणता येते.

पण छप्पर दोन बाजूंचे असते. गोठ्याच्या पत्र्याची खालची बाजू रात्री थंड होते, जनावरांच्या श्वासाचे आणि मुताचे बाष्प तिच्यावर दवासारखे जमते आणि त्यात अमोनिया विरघळतो. या बाजूला ना पाऊस धुतो, ना ऊन वाळवते. मोकळ्या हवेचे आकडे इथे लागू पडत नाहीत. अॅल्युमिनियम-जस्त लेपाचे उत्पादक आपल्या हमीतून जनावरांचे बंदिस्त शेड सहसा वगळतात, पण ही अट विकताना सांगितली जात नाही. माझ्या समजुतीने गोठ्यासाठी साधे, जाड जस्त, आतल्या बाजूने रंग आणि आढ्याला हवा जायला मोकळी फट हाच शहाणपणाचा मार्ग आहे. भिंती छपरापर्यंत नेऊन बंद केलेला गोठा जनावरालाही वाईट आणि पत्र्यालाही वाईट.

खतांच्या गोदामात युरिया-डीएपीची धूळ ओल ओढून घेते आणि पत्र्यावर खारट चिखल धरते. साखर कारखान्यांभोवतीचा प्रश्न आणखी वेगळा. लातूरचा मांजरा, अर्धापूर तालुक्यातला भाऊराव चव्हाण अशा कारखान्यांनी या भागाचे अर्थकारण घडवले. पांढऱ्या साखरेच्या प्रचलित पद्धतीत रस साफ करताना गंधकाचा धूर वापरतात, आणि गंधकाचे आम्ल जस्ताचा राखाडी थर विरघळवते. म्हणून कारखान्याच्या आवारातली शेड आणि तिथून दहा किलोमीटरवरचा आखाडा यांना एकच पत्रा सुचवणे चुकीचे ठरते.

पांढऱ्या गंजाबद्दलही सांगायला हवे, कारण तो टाळणे फुकटात होते. नवे पत्रे एकावर एक रचून पावसात किंवा उघड्यावर ठेवले की मध्ये पाणी अडकते, हवा मिळत नाही आणि जस्ताची पांढरी भुकटी होते. पावसाळ्याच्या तोंडावर घाईने आणून अंगणात टाकलेला गठ्ठा महिनाभरात काही वर्षांचे आयुष्य गमावतो. गठ्ठा तिरपा ठेवावा, मध्ये चिपा घालाव्यात आणि वरून झाकावा, एवढे पुरते.

सांगाडा: आधी जस्त की नंतर?

पत्र्याखालच्या सांगाड्यावरचा वाद जास्त तांत्रिक आहे आणि सध्या जास्त जिवंतही. केंद्राची पीएम-कुसुम योजना २०१९ मध्ये आली आणि राज्याची 'मागेल त्याला सौर कृषी पंप' योजना २०२४ मध्ये. तेव्हापासून शेताशेतांत सौर पॅनेलचे सांगाडे उभे राहत आहेत. अशा निविदांतली नेहमीची अट म्हणजे सांगाडा घडवून, भोके पाडून, वेल्डिंग करून झाल्यावर अख्खाच जस्तात बुडवायचा आणि लेप ८० मायक्रॉनच्या आसपास हवा. २७५ च्या कॉइलवरल्या लेपाच्या हा चौपट आहे. या पक्षाचे म्हणणे साधे आहे: कड, भोक, जोड, काहीच उघडे राहत नाही.

कॉइलपासून थेट घडवणारे म्हणतात की पातळ भाग जस्तात बुडवले तर वाकतात, वाहतूक आणि खर्च वाढतो, पोलाद उगाच जाड घ्यावे लागते. मॅग्नेशियमचा नवा लेप कमी मायक्रॉनमध्ये तेच काम करत असेल तर ८० चा आकडा धरून बसण्यात अर्थ नाही. अटी लेपाच्या जाडीवर न ठेवता टिकाऊपणाच्या चाचणीवर ठेवाव्यात, असा त्यांचा आग्रह आहे. याला उत्तर असे मिळते की जाडी चुंबकीय मापकाने शेतातच मोजता येते, टिकाऊपणा मात्र प्रयोगशाळेतच कळतो, आणि तोवर ठेकेदार बिल घेऊन गेलेला असतो. दोन्ही म्हणण्यांत तथ्य आहे. जिथे तपासणीची यंत्रणा दुबळी, तिथे मोजायला सोपी अट बरी, असे मला वाटते.

मुदखेड हा फुलशेतीचा तालुका. इथले गुलाब-मोगरा मुख्यतः उघड्या रानात होतात, पण शेडनेट आणि पॉलीहाऊसकडे वळणाऱ्यांना हाच प्रश्न पाइपांच्या रूपात भेटतो. आधीच जस्त चढवलेल्या पट्टीचा पाइप बनवताना वेल्डच्या रेषेवरचे जस्त जळते, मग त्या रेषेवर जस्ताचा फवारा मारतात. तो फवारा नीट बसला नाही तर गंज त्याच रेषेने धावतो. आतली दमट हवा, फवारणीची औषधे आणि जमिनीत गाडलेला पाय यांमुळे पॉलीहाऊसचा पाइप छपराच्या पत्र्यापेक्षा कठीण परिस्थितीत असतो. अनुदान घेऊन उभारलेल्या सांगाड्याचे पाय जमिनीलगत कुजणे हे शेतकऱ्याचे दुहेरी नुकसान आहे, कारण कर्ज बाकी असते आणि फुले उघडी पडतात.

शुल्क आणि भाव

देशी कारखान्यांचे म्हणणे, पूर्वेकडच्या देशांतला जादा माल पडेल भावात येतो आणि इथली गुंतवणूक बुडते. केंद्राने २१ एप्रिल २०२५ पासून सपाट पोलादावर २०० दिवसांसाठी १२ टक्के संरक्षक शुल्क लावले. त्यात जस्त चढवलेल्या कॉइलचाही समावेश होता. ऑगस्टमध्ये व्यापार उपाय महासंचालनालयाने ते तीन वर्षे, १२, ११.५ आणि ११ टक्के अशा उतरत्या दराने ठेवण्याची शिफारस केली. पोलाद वापरणाऱ्या लहान उद्योगांचे म्हणणे उलट आहे. त्यांचा कच्चा माल महागतो, तयार माल मात्र त्या प्रमाणात महाग विकता येत नाही. युरोपचा कार्बन कर हा निर्यातदारांचा प्रश्न आहे, मुदखेडच्या दुकानापर्यंत त्याची झळ फार आडवळणाने येते.

गिऱ्हाइकाच्या दृष्टीने लक्षात घ्यायची गोष्ट वेगळी. पोलाद महागले की सर्वांत आधी जस्ताचे ग्रॅम आणि पत्र्याची जाडी उतरते, कारण ती डोळ्यांना दिसत नाही. भाव तोच ठेवून माल हलका करणे हा बाजाराचा जुना मार्ग आहे.

वेल्डर आणि भंगार

कैच्या आणि अँगल जोडताना जस्ताचा पांढरा धूर निघतो. तो छातीत गेला की संध्याकाळी वेल्डरला थंडी वाजते, ताप येतो, तोंडाला गोड-धातूसारखी चव येते. बहुधा दुसऱ्या दिवसापर्यंत बरे वाटते आणि म्हणून कोणी दखल घेत नाही. जोडाच्या जागेचे जस्त आधी घासून काढणे, वाऱ्याच्या दिशेला पाठ करून उभे राहणे, साध्या कापडाऐवजी धुरासाठीचा मास्क वापरणे आणि नंतर त्या जागेवर जस्तयुक्त रंग लावणे ही कामाची शिस्त आहे. दूध प्यायले की धूर बाधत नाही, या समजावर अवलंबून राहणे धोक्याचे.

जुना पत्रा भंगारात जातो आणि वितळताना त्यातले जस्त पुन्हा वाफ होऊन धुरात मिसळते. तो धूर पकडून त्यातले जस्त परत काढता येते. जगात जस्ताचा निम्मा खप लोखंडावर लेप चढवण्यातच होतो, त्यामुळे जस्त असे परत मिळवणे ही छोटी गोष्ट नाही. भंगारावर चालणाऱ्या छोट्या भट्ट्यांत धूर पकडण्याची व्यवस्था किती काटेकोर चालते, यावर शेजारच्या वस्तीची हवा अवलंबून असते.

काय सुटायचे आहे

लेपांच्या स्पर्धेचा निकाल बहुधा लागेल. कारखाने त्यावर पैसा खर्च करत आहेत. तीन प्रश्नांच्या मागे मात्र तसा कोणी उभा नाही.

पहिला स्थानिक झिजेचा. कारैकुडीच्या केंद्रीय विद्युतरसायन संशोधन संस्थेने देशाचा गंज-नकाशा तयार केला, तो मोकळ्या हवेचा. गोठ्याच्या आत, खताच्या गोदामात, साखर कारखान्याच्या आवारात पत्र्याचे तुकडे टांगून वर्षावर्षाला वजन करणे अवघड नाही. नांदेडच्या विष्णुपुरीत श्री गुरु गोविंदसिंगजी अभियांत्रिकी संस्था आहे, स्वामी रामानंद तीर्थ विद्यापीठही तिथेच आहे. विद्यार्थ्यांच्या प्रकल्पातून हे काम चार-पाच वर्षांत उभे राहू शकते, आणि त्यातून निघणारा आकडा कंपनीच्या माहितीपत्रकापेक्षा शेतकऱ्याच्या जास्त कामाचा असेल.

दुसरा उष्णतेचा. हलक्या छपराने भूकंपाची भीती कमी केली, पण माळवदाचा गारवा परत आणला नाही. फिका रंग, खाली बांबूची तट्टी किंवा पेंढ्याचा थर, दोन पत्र्यांमध्ये हवेची पोकळी, असे उपाय सुटे सुटे चालू आहेत. घरकुलांच्या आराखड्यांत त्यांना जागा द्यायची की पत्र्याऐवजी सिमेंटचा स्लॅबच धरायचा, यावर एकमत नाही. स्लॅबचे पुरस्कर्ते टिकाऊपणा दाखवतात, पत्र्याचे पुरस्कर्ते खर्च आणि भूकंप. रात्री स्लॅबखालीही उकाडा असतो, हे दोघेही कमी बोलतात.

तिसरा माहितीचा, आणि माझ्या मते सर्वांत तातडीचा. कारखान्यातून निघताना कॉइलवर चिठ्ठी असते. तिच्यावर श्रेणी, पोलादाची जाडी, लेपाचे ग्रॅम आणि मानकाचा क्रमांक सगळे लिहिलेले असते. काही कारखाने पत्र्याच्या मागच्या बाजूवर हे छापतातही. पन्हळ पाडणाऱ्या युनिटात कॉइल उलगडली की चिठ्ठी तिथेच राहते आणि गिऱ्हाइकाच्या बिलावर 'कलर शीट, १२ फूट, २० नग' एवढेच उतरते. एका बाजूचे म्हणणे, छपाई सक्तीची करावी. दर मीटरला मागे आकडे आले की वाद मिटला. युनिटवाले म्हणतात, छपाई कारखान्याने करायची की आम्ही, खोटी छपाई निघाली तर जबाबदार कोण, आणि छोट्या दुकानात चार प्रकारच्या कॉइल एकत्र असतात तिथे तपासणार कोण. लेपाचे वजन ठरवायची खरी चाचणी नमुना कापून आम्लात जस्त उतरवून दोनदा तोलायची आहे, ती दुकानात होत नाही. चुंबकीय मापक दुकानात चालते, पण रंगीत पत्र्यावर ते रंग आणि जस्त एकत्रच मोजते.

तोवर मधला मार्ग बिलाचा आहे. मूळ पोलादाची जाडी, लेपाचे ग्रॅम आणि एकूण वजन या तीन गोष्टी बिलावर लिहून मागता येतात. वजन काट्यावर लगेच पडताळता येते: ०.५० मिलिमीटरच्या नुसत्या पोलादाला सपाट मापाने चौरस मीटरमागे ३ किलो ९२५ ग्रॅम, शिवाय जस्त. पन्हळीमुळे रुंदी आकसते, म्हणून हिशेब पन्हळ पाडण्याआधीच्या रुंदीवर करावा लागतो, आणि ती रुंदी युनिटला माहीत असते. शेतकरी गट आणि उत्पादक कंपन्या बियाणे-खते एकत्र घेतात तसे पत्रेही एकत्र घेऊ लागल्या, तर पूर्ण कॉइलच त्यांच्या नावाने कापली जाईल आणि चिठ्ठी त्यांच्या हातात राहील.

ग्रॅम लिहून द्यायला दुकानदार तयार होतील का, हे ग्रॅम विचारणारी गिऱ्हाइके किती निघतात यावर आहे. ती निघाली तरी १२० आणि २७५ यांच्यामधले चार-साडेचार हजार रुपये कोणी भरायचे, हा प्रश्न उरतो. गोठा आणि गोदामाच्या अनुदानाच्या अंदाजपत्रकात पत्र्याची जाडी धरली जाते तसे लेपाचे ग्रॅमही धरले गेले, तर त्याचे एक उत्तर मिळेल. ते धरायचे की नाही, हे त्या योजनांचे दर ठरवणाऱ्यांच्या हातात आहे.